गावच्या नर्सबाईंच्या स्मरणार्थ नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती : नियम कसे असावेत?

म्हादईकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य उपकेंद्रात जवळजवळ सगळी नोकरी काढलेल्या नर्सबाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव इथे देत नाही, पण वाळपई-केरी पट्ट्यातल्या वाचकांना कळेलच. बाराव्याला माणसं जमली तेव्हा त्यांच्या नावाने काहीतरी करावं असा विषय निघाला. कोणी बसथांब्यावर निवारा सुचवला, कोणी शाळेला कपाट. शेवटी त्यांची सून म्हणाली की आई शेवटची काही वर्षं एकच गोष्ट घोकत होत्या : आपल्या वाड्यांवरच्या मुली नर्सिंगला जातच नाहीत, आणि एखादी गेली तर पहिल्याच वर्षी घरी परत येते. तिथेच शिष्यवृत्तीचं ठरलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असा सरकारी निकष आहे, सपाटीला ५,०००. आकडा लहान दिसतो, पण हे ३,००० लोक एका जागी राहत नाहीत. एक वाडा नदीच्या या अंगाला, दुसरा कुळागराच्या पलीकडे, तिसरा डोंगरावर. २००५ नंतर देशभर आशा सेविका आल्या, गोव्यात मात्र ती पद्धत आली नाही. त्यामुळे आपल्याकडे गरोदर बाईच्या दारात जाण्यापासून बाळाच्या डोसांपर्यंत सगळा भार नर्सबाय आणि अंगणवाडी सेविका यांच्यावरच. २०१५ पासून सत्तरीत गोचिडीमुळे होणारा माकडताप सुरू झाला, तेव्हा काजूच्या दिवसांत या बाई सकाळीच बागायतीच्या वाटेवर उभ्या राहायच्या. बोंडू गोळा करायला निघालेल्या प्रत्येकीला थांबवून पायांना, हातांना तेल लावायला लावायच्या, गोचीड चिकटू नये म्हणून. तेव्हा माकडतापाची लस द्यायचे. ती दुखायची, शिवाय एकदा टोचून भागायचं नाही, म्हणून माणसं टाळायची. बाई दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत हजर.

तर अशा बाईंच्या नावाने द्यायची ही शिष्यवृत्ती. सध्या घरची रक्कम, गावातल्या काही जणांची आश्वासनं आणि त्यांच्या जुन्या सहकारी नर्सेसची वर्गणी धरून पाचेक लाख जमतील असं दिसतं. प्रश्न बरेच आहेत. गुणांवर द्यायची की गरजेवर? फक्त बी.एस्सी.ला की जीएनएम (नर्सिंगची पदविका), एएनएमलाही (सहायक परिचारिका-प्रसाविका)? फक्त मुलींना? परत गावाकडे काम करायची अट घालायची का? पैसे कॉलेजकडे भरायचे की मुलीच्या खात्यात?

माझं एका बाबतीत मत पक्कं आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती प्रवेशाच्या आठवड्यात हातात पडली पाहिजे. नोव्हेंबरात सत्कार करून, शाल घालून, हार घालून दिलेल्या धनादेशाचा जुलैत घरी परतलेल्या मुलीला काय उपयोग?

जाणकारांनी लिहावं.

---

डिचोलीची_सुमन

फार चांगला विचार. मला वाटतं या बाईंना मी ओळखते. माझ्या मोठ्या मुलाच्या वेळी दिवस भरले होते आणि पुलावर पाणी आलं होतं. १०८ रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर अडकली होती. बाई आदल्या दिवशीच येऊन मला साखळीला बहिणीकडे जाऊन राहायला सांगून गेल्या होत्या, म्हणून निभावलं. "बाय, पावसाक विचारून बाळ येना" हे त्यांचे शब्द अजून कानात आहेत.

माझे पैसे धरा. किती ते घरी बोलून सांगते.

---

वॉर्ड_नंबर_नाही

मी बांबोळीच्या सरकारी कॉलेजात नर्सिंग केलं, आता बरीच वर्षं नोकरीत आहे. नवीन मुली दरवर्षी येताना बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सरकारी कॉलेजची फी हा मोठा अडथळा नसतोच. घरची माणसं फीची तजवीज धरूनच पाठवतात. अडतं ते फीच्या बाहेरच्या खर्चापाशी, कारण त्याची यादी घरी कोणाला माहीत नसते. गणवेशाचे जोड शिवून घ्यायचे. पांढरे बूट, तेही असे की दिवसभर उभं राहिलं तरी पाय सुजणार नाहीत. स्वस्तातले घेतले तर पावसात तळ सुटतो आणि सप्टेंबरात परत खर्च. हिपॅटायटिस बीचे तीन डोस. थर्मामीटर, कात्री, टॉर्च. प्रत्येक विषयाची वेगळी रेकॉर्ड बुकं. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. नाडी मोजायला ते लागतंच, मोबाईल वॉर्डमध्ये काढता येत नाही. माझ्या बॅचमधल्या एका मुलीकडे घड्याळ नव्हतं. ती पहिले काही दिवस शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या मैत्रिणीच्या मनगटाकडे बघून नाडी मोजायची आणि सिस्टर जवळ आल्या की घाबरून आकडा विसरायची. शेवटी आमच्या एका सीनियरने आपलं जुनं घड्याळ तिला दिलं. हे सगळं पहिल्या दीड महिन्यात येऊन पडतं. म्हादईकाठ म्हणतात ते त्यामुळेच शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरं म्हणजे राहणं. वाळपईहून पहाटेची बस, पणजीला उतरायचं, तिथून मडगावच्या गाडीने बांबोळी. थिअरीच्या दिवसांत ओढाताण करून जमवतात. पण क्लिनिकल पोस्टिंग सुरू झालं की सकाळी सातला वॉर्डात उभं राहायचं, नंतर दुपारच्या आणि रात्रीच्या पाळ्या. सत्तरीतून, सांग्यातून, काणकोणातून रोज येऊन ते होत नाही. हॉस्टेल मिळालं तरी मेसचं डिपॉझिट आधी भरावं लागतं, नाही मिळालं तर खोली. म्हणून तुम्ही पैसे दोन भागांत द्या. मोठा भाग सुरुवातीला, राहिलेला दुसऱ्या सत्राच्या तोंडावर.

तिसरी गोष्ट पैशांची नाही. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांतून मुली मराठीत किंवा कोंकणीत शिकतात, पाचवीपासून इंग्रजी. बारावीपर्यंत कसंबसं होतं, पण अॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक पहिल्या आठवड्यात समोर आलं की हुशार मुलीसुद्धा गप्प होतात. वर्गात हात वर करत नाहीत, नापास होतील या भीतीने आधीच खचतात. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुलीला एक सीनियर किंवा नोकरीतली नर्स जोडून द्या, आठवड्यातून एक फोन करील अशी. मी एक मुलगी घेते. माझ्या ओळखीच्या आणखी दोघी-तिघी तयार होतील.

याच मुली नंतर वॉर्डात सोनं ठरतात. पेशंट कोंकणीत कण्हतो, त्याची आई मराठीत रडते, शेजारचा कन्नडमध्ये पाणी मागतो. खेड्यातून आलेल्या मुलीला हे सगळं कानावरून गेलेलं असतं. म्हातारी "पोटात आग पडल्या" म्हणते तेव्हा नेमकं कुठे दुखतंय हे तिला विचारता येतं.

---

पेडण्याचा_पाहुणा

कल्पना उत्तम, पण एक कटू प्रश्न. गावच्या पैशाने मुलगी शिकणार आणि चार वर्षांनी आयर्लंडला नाहीतर आखातात जाणार. आमच्या पेडण्यात अशी उदाहरणं आहेत. बाईंच्या नावाने निधी आहे, बाई जन्मभर गावात राबल्या, मग निदान तीन वर्षं गोव्याच्या ग्रामीण भागात काम करीन असा बाँड का नको? नाहीतर देणगीदाराला काय सांगणार?

---

वॉर्ड_नंबर_नाही

@पेडण्याचा_पाहुणा, भावना समजते, पण गावात काम करायला गावात जागा निघायला हवी ना? उपकेंद्रातली नेमणूक सरकार करतं, तीही जाहिरात निघेल तेव्हा. मुलीने बाँड लिहून दिला आणि तीन वर्षं जागाच निघाली नाही तर तिने काय करायचं? घरी बसायचं की पैसे परत करायचे?

---

जमाखर्च

बाँडवर कायद्याच्या बाजूने. नर्सिंगला प्रवेशासाठी किमान वय १७ आहे, म्हणजे अर्ज करणाऱ्या बऱ्याच मुली त्या दिवशी कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, असतील. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. बापाची सही घ्याल तर बोजा बापावर, आणि ज्या घराला तुम्ही मदत करायला निघालात त्याच घराला नोटीस पाठवायची वेळ येईल. माझा सल्ला : बाँड नको.

आता पैशांचं. पाच लाखांची ठेव साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला साडेबत्तीस हजार येतात. त्यात दोन मुलींना प्रत्येकी सोळा हजारांच्या आसपास. व्याजदर खाली आला की रक्कम घटणार, आणि महागाई तर थांबत नाही. म्हणून मूळ ठेवीला हात न लावता दरवर्षी थोडी वर्गणी मिळत राहील अशी सोय पाहा.

दोन मुलींसाठी नवा ट्रस्ट काढू नका. ट्रस्ट काढणं सोपं, दरवर्षी त्याचे हिशेब, लेखापरीक्षण, विवरणपत्र सांभाळणं कठीण. तीन-चार वर्षांनी उत्साह ओसरतो आणि कागद पडून राहतात. गावात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद झालेलं वाचनालय किंवा मंडळ असेलच. त्यांच्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्या, वेगळं बँक खाते उघडा, तीन सह्या ठेवा, त्यातली एक बाईंच्या घरची. वर्षाचा हिशेब त्याच सभेत वाचून दाखवायचा. संस्थेकडे प्राप्तिकराची देणगी-सवलतीची मान्यता (८०जी) असेल तर जुन्या करपद्धतीतल्या देणगीदारांना करसवलतही मिळेल, मात्र २,००० रुपयांच्या वर रोख देणगी घेऊ नका, तिच्यावर ती सवलत मिळत नाही.

आणि गोव्यासाठी खास सूचना. परदेशातल्या गोंयकारांकडून पैसे घेण्याआधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या बचतीतून देतो ते चालतं. पण पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला आपला शेजारी, तो तुमच्या वाड्यावरचाच का असेना, कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी तेच. त्याची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला घेता येत नाही. चांगल्या मनाने पाठवलेल्या पैशांमुळे संस्था अडचणीत येऊ नये.

---

पेडण्याचा_पाहुणा

अज्ञान असण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. बाँडचा आग्रह सोडतो. तरीही गावाशी काही नातं राहावं असं वाटतं.

---

गावडोंगरी

मी काणकोणचा, वेळीप समाजातला. माझी मुलगी जीएनएमला आहे. म्हणून लिहितो.

२००३ साली गावडा, कुणबी, वेळीप अनुसूचित जमातींत आले. तेव्हापासून आमच्या मुलांना सरकारी शिष्यवृत्ती आहे आणि ती खरोखर मोठा आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती मिळते वर्ष सरत आल्यावर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार जोडलेलं बँक खातं. एका कार्यालयात गेलो तर सांगितलं खात्याला आधार जोडलेलं नाही. बँकेत गेलो तर म्हणाले जोडलेलं आहे. पुन्हा कार्यालय. प्रत्येक फेरीला माझा दिवस बुडतो आणि मी रोजंदारीवरचा माणूस. तोवर मुलीच्या मेसचे पैसे मी काजूच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाच्या उचलीवर आणले. काजू त्याने नंतर स्वतः ठरवलेल्या दराने घेतली.

तुम्ही सरकारी शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांना बाद करू नका, एवढीच विनंती. पुष्कळ ठिकाणी अट असते की दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर अर्ज करू नये. आमच्या हातात जून-जुलैत ती दुसरी शिष्यवृत्ती नसतेच, फक्त कागदावर असते.

आणि दाखले मागाल तर जे सरकारला दिले त्याच्याच झेरॉक्स घ्या. नवीन काही मागू नका.

---

म्हादईकाठ

गावडोंगरी दादा, तुमच्या पोस्टीने आमचा एक नियमच बदलला. मसुद्यात 'अन्य शिष्यवृत्ती नसावी' ही ओळ होती, ती काढली. काजूच्या उचलीवर मुलीची मेस चालवावी लागणं हीच गोष्ट बाईंना सलत होती. त्यांच्या सुनेला तुमचं लिहिणं वाचून दाखवलं.

---

दुसऱ्या_वर्षातली

मी सध्या बी.एस्सी. नर्सिंग करते. नाव-गाव सांगत नाही.

वर सगळ्यांनी लिहिलंय ते खरं आहे. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, अकरावीला विज्ञान न घेतलेल्या मुलीला बी.एस्सी.चं दार बंदच असतं. भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला ४५ टक्के. ही माहिती आमच्याकडे दहावीला कोणी सांगितली नव्हती. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा हुशार, तिने कला शाखा घेतली आणि बारावीनंतर कळलं. ती एएनएमला जाऊ शकली असती, ती दोन वर्षांची असते आणि कुठल्याही शाखेला चालते, पण तेही तिला कोणी सांगितलं नाही. तिचं लग्न झालं. म्हणून फक्त बी.एस्सी.ला शिष्यवृत्ती ठेवू नका, आणि दहावीच्या मुलींना एकदा तरी येऊन सांगा.

दुसरी गोष्ट. एका विषयात राहिली तर शिष्यवृत्ती बंद, असा नियम कृपा करून करू नका. २०२१ च्या वर्षापासून सत्र पद्धत आली. सत्र लहान असतं, पोस्टिंग आणि परीक्षा एकमेकांवर येतात. पहिल्या सत्रात माझा एक विषय राहिला होता. तेव्हा कोणी पैसे बंद केले असते तर घरच्यांनी नक्की परत बोलावलं असतं. पुढच्या सत्रात तो सुटला, आता बरं चाललंय.

आणि कार्यक्रमात स्टेजवर बोलावून पैसे देऊ नका. आमच्या वाड्यावर सगळ्यांना कळतं की हिचे पैसे दान म्हणून आले. बाबांना ते लागतं.

---

डिचोलीची_सुमन

बाळा, शाबास. मन लावून शीक. घड्याळ आहे ना तुझ्याकडे?

---

दुसऱ्या_वर्षातली

आहे काकी. ताईंनी वर लिहिलंय ते वाचून मी पण मनगटाकडे बघितलं.

---

फोंडा_तिस्क

पैसे उभे करण्याबद्दल. जत्रेच्या नाटकाचा विचार केला का? आमच्या गावात दरवर्षी मराठी नाटक होतं, गावातलीच मुलं करतात, आणि पहाटेपर्यंत माणूस हलत नाही. मध्यंतरात पाच मिनिटं मागून बाईंबद्दल बोला. चवथीच्या वेळी पावणीतल्या (देवापुढच्या वस्तूंच्या लिलावातल्या) एका फळाचे पैसे या निधीला द्यायचं मंडळाने आधीच जाहीर केलं तर बोली वर जाते, हा अनुभव आहे. गेल्या खेपेला आमच्याकडे एका नारळाची बोली अशीच चढत गेली, कारण तो शाळेच्या छपरासाठी होता हे सगळ्यांना माहीत होतं.

देणगी कूपनांच्या वाटेला मात्र जाऊ नका. मोटारीचं बक्षीस, छपाई, विक्रेत्यांचं कमिशन यातच अर्धी रक्कम जाते.

मुलांबद्दल कोणी बोललं नाही. एएनएम फक्त स्त्रियांसाठी आहे, पण जीएनएम आणि बी.एस्सी.ला मुलगेही जातात. माझा भाचा पुरुषांच्या वॉर्डात काम करतो, त्याला सुट्टी द्यायला कोणी तयार नसतं इतकी त्याची गरज असते. नियमात 'विद्यार्थी' लिहा.

---

म्हादईकाठ

सगळ्यांचे आभार. दोन रात्री घरच्यांशी, वाचनालयाच्या अध्यक्षांशी आणि बाईंच्या दोन जुन्या सहकाऱ्यांशी बोलून पहिल्या वर्षापुरतं असं ठरलं आहे.

निधी वाचनालयाच्या नावे वेगळ्या खात्यात राहील, जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे तीन सह्या. पहिल्या वर्षी दोन विद्यार्थी. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. कुठलाही अभ्यासक्रम, मुलगा किंवा मुलगी. सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा आणि पेडण्याच्या आतल्या गावांना प्राधान्य. बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते बघायचे, त्यापुढे घरची परिस्थिती. ती कागदावरून ठरवायची नाही. बाईंच्या सहकारी नर्सेस घरी जाऊन बोलतील, त्यांना घरात पाऊल टाकल्यावर काय बघायचं ते आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. दोन तृतीयांश प्रवेशाची पावती दाखवली की त्याच आठवड्यात, बाकीची दुसऱ्या सत्राच्या आधी. एखादा विषय राहिला तरी चालू. अभ्यास सोडला तरच थांबेल, आणि सोडण्याआधी एकदा बोलायचं एवढी विनंती, अट नाही. पैसे परत मागायचे नाहीत. बाँड नाही. स्टेज नाही, फोटो नाही.

पेडण्याचा_पाहुणा, तुमचा मुद्दा आम्ही सोडलेला नाही. शिष्यवृत्ती घेतलेल्या विद्यार्थ्याने शिकत असताना वर्षातून एकदा आपल्या भागातल्या हायस्कुलात जाऊन दहावीच्या वर्गाशी बोलावं, असं सुचवलं आहे. दुसऱ्या_वर्षातली हिने सांगितलेल्या मैत्रिणीसारखी मुलगी पुन्हा चुकू नये यासाठी. पुढे ती आयर्लंडला गेली तरी त्या वर्गातली कोणी विज्ञान घेईल.

एकाच गोष्टीवर घरात मतभेद झाला. बाईंच्या मुलाला वाटत होतं की पहिली शिष्यवृत्ती १२ मेला, परिचारिका दिनी, जाहीर व्हावी. सून म्हणाली, मे महिन्यात प्रवेशच झालेले नसतात, मग आईंच्या नावाने नुसतं भाषण होईल. सुनेचं मान्य झालं. १२ मेला आम्ही हायस्कुलांतून अर्ज वाटू. अर्ज एका पानाचा, मराठी आणि कोंकणीत.

---

वॉर्ड_नंबर_नाही

बरोबर झालं सगळं. फक्त एक वाढवा : पहिल्या हप्त्याबरोबर खर्चाची यादी द्या, काय कधी लागतं आणि कशाला घाई करू नये. पुस्तकं सुरुवातीलाच सगळी विकत घेतात, ती लायब्ररीत मिळतात आणि सीनियरांकडेही. बूट मात्र चांगले घ्या म्हणावं. यादी मी लिहून पाठवते.

---

जमाखर्च

पहिल्या वर्षाचा हिशेब मी विनामूल्य बघेन. ठरावाची प्रत पाठवा.

---

गावडोंगरी

आमच्या पंचायतीत अर्ज मी लावतो. गावडोंगरी आणि खोतीगाव दोन्हीकडे.

---

म्हादईकाठ

दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. ज्यांच्या वाड्यावर यंदा बारावीला मुलं-मुली आहेत त्यांनीही व्यनि करावा, अर्ज छापून आले की बसने पाठवतो. वाळपई, साखळी, पेडणे, सांगे आणि चार रस्ता काणकोण इथे कोणी उतरवून घेणारं हवं आहे.